समुद्रापलीकडचा राजा

उजगरे सर वर्गात आले की आधी डबे उघडायचे, हजेरी मागाहून. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला अमेरिकेचा इतिहास सुरू झाला की पहिला आठवडा हा कार्यक्रम चाले. पुढच्या बाकावरच्या एखाद्याच्या पिशवीत हात घालायचा, फडक्यात बांधलेली भाकरी काढायची, अर्धी मोडायची आणि सगळ्या वर्गादेखत ठेच्याला लावून सावकाश खायची. खाऊन झालं की हात झटकून म्हणायचे, "हा कर. मी इंग्लंडचा राजा हाय. समुद्रापल्याड बसलोय. तुमी माझी रयत."

दुसऱ्या दिवशी खिडक्या राजाच्या व्हायच्या. बंद. तिसऱ्या दिवशी पंखा राजाचा. त्यानंतर पाणी प्यायला जायचं तर फळ्याजवळ येऊन वाकून परवानगी मागायची. वर्गावर पत्रे, आणि आमच्याकडचा जुलै म्हणजे नावालाच पावसाळा. पोरं घामाघूम होऊन वाकत राहायची, पण असं का म्हणून एकही विचारायचा नाही. सर त्या एका प्रश्नाची वाट बघत असत, आणि तो येत नाही तसतसे जास्त क्रूर होत जात. "निजाम जाऊन किती वर्सं झाली बे?" ते म्हणत. "तुमच्या पाठीचा बाक आजून गेला न्हाई."

माझा मराठीचा वर्ग शेजारीच होता. मधली भिंत इतकी पातळ की माझ्या ओव्या त्यांना ऐकू जात आणि त्यांचे शिव्याशाप मला. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी तणतणत स्टाफरूममध्ये गेले आणि त्यांना म्हणाले, "सर, पोरांच्या तोंडचा घास काढता? त्यांच्या आया पहाटे उठून चुलीपुढं बसतात." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, मी काढतो ते तुमाला दिसलं. ते देतेत ते न्हाई दिसलं." मग माझं आडनाव विचारलं, ऐकलं, आणि मान डोलावली. "तुमी जन्मतः कायम. तुमाला न्हाई दिसायचं."

आमचं कॉलेज चकलांब्याच्या पुढे, डांबरी रस्ता दम सोडतो तिथे आहे. ते आबांचं. आबा म्हणजे आमच्या भागातले मोठे बागायतदार, संस्थेचे अध्यक्ष, आणि निवडणूक कुठलीही असो, तिकीट ज्यांच्या ओसरीवर ठरतं ते. मी आबांच्या भावकीतली. माझ्या नेमणुकीत गुणांचा वाटा किती आणि आडनावाचा किती, याचा हिशेब मी कधी केला नव्हता. उजगरे सरांनी तो एका वाक्यात केला, आणि त्याचा राग मला बरेच दिवस पुरला.

उजगरे सर आबांच्याच गावच्या बौद्ध वस्तीतले. उंच, काटक, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन. सगळ्या परीक्षा पास झालेले, आणि तरीही वर्षानुवर्षं तात्पुरते. दर उन्हाळ्यात आबा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "उजगरे, यंदा तुमचं करून टाकू." दर जूनमध्ये सर पुन्हा तात्पुरत्या नेमणुकीवर हजर होत. घरी म्हातारी आई, बायको, दोन मुली. कायम होणं एवढी एकच गोष्ट त्या माणसाला आबांकडून हवी होती, आणि ती एकच आबा देत नव्हते. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते सरांनाही ठाऊक होतं: देऊन टाकलेली वस्तू पुन्हा दाखवता येत नाही.

त्यांच्या जिभेबद्दल खोटं लिहिणार नाही. ती विषारी होती. उत्तरपत्रिकेवर लाल पेनाने लिहीत, 'हे उत्तर मेलेलं आहे. पुरा.' अमेरिकेचा शोध वॉशिंग्टनने लावला असं एका मुलाने सांगितलं, तेव्हा त्याला उभं करून म्हणाले, "तुझ्या बापानं कोयता हाणून तुला इथं धाडलं. त्यापरीस त्यानं तुलाच मोळीत बांधून कारखान्याला धाडलं असतं तर वजनात तरी धरलं असतं." मुलगा रडला. मी भांडायला गेले तर म्हणाले, "रडू द्या. रडणारा जागा असतो." दिवाळीनंतर आमचा निम्मा वर्ग आईबापाबरोबर ऊसतोडीला जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतो. काळवंडलेल्या, हाताला पाचटीचे ओरखडे घेऊन आलेल्या त्या पोरांची सर दुसऱ्याच दिवशी चाचणी घेत. "राजा सवलत देत न्हाई," म्हणत. नंतर मात्र कॉलेज भरायच्या आधी त्याच पोरांना बोलावून बुडालेला सगळा भाग पहिल्यापासून शिकवत. शिकवताना अखंड घालूनपाडून बोलत, म्हणून त्यांच्या त्या मेहनतीचे आभार कुणी मानल्याचं मला आठवत नाही.

डब्यांच्या खेळात कधीतरी एखादा धीट निघे. घाम पुसत म्हणे, "सर, पण कावून? कशापायी?" सर त्याला बाकावर उभं करत. मग हाताची घडी घालून बाकीच्यांकडे बघत राहत. आणखी कुणी उठतं का, याची ती परीक्षा असे, आणि बाकीचे वहीत तोंड खुपसत. तास संपेपर्यंत तो एकटा उभा. शाबासकी त्यालाही नाही. "एकट्यानं उभं ऱ्हाऊन काय व्हतं?" सर म्हणत. "सावली पडती फकस्त." आणि उरलेल्यांना म्हणत, "हा उभा ऱ्हायला आन तुमी बसून बघितलं. म्हंजी तुमाला हे पटलेलं हाय. चला, खिडक्या बंदच राहू द्या."

अमेरिकेच्या इतिहासात सरांचा जीव एका ठिकाणी अडकला होता. बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, ही गोष्ट कुणीही रंगवून सांगतो. सर ती दोन वाक्यांत उरकत. "चहा फेकणं सोपं हाय बे. येका दिसाचा खेळ. फुडं काय झालं ते बगा." पुढे राजाने बोस्टनचं बंदरच बंद केलं. चहाची भरपाई होईपर्यंत जहाज येणार नाही, जाणार नाही. गाव उपाशी मरेल आणि बाकीच्या वसाहती घाबरून गप्प बसतील, असा राजाचा होरा. "आन बाकीच्या वसाहतींनी काय केलं?" सर फळ्यावर हात आपटत. "कुणी तांदूळ धाडला. कुणी पीठ धाडलं. कुणी मेंढरं हाकीत आणली. ज्यांनी बोस्टन डोळ्यांनी बघितलं न्हाई त्यांनी! ज्या दिवशी पहिलं पोतं गेलं त्या दिवशी राजाचं राज्य संपलं. लढाई मागून झाली." हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा, आणि दर वर्षी परीक्षेत हा प्रश्न असायचाच.

ते पोतं त्यांना इतकं प्रिय का, हे मला त्यांच्या आईने सांगितलं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर वस्तीने गावाची मेलेली ढोरं ओढायची बंद केली, तेव्हा गावानेही वस्तीचं बंदर बंद केलं होतं. विहीर बंद, गिरणी बंद, दुकान बंद, रानात काम बंद. सरांच्या आजोबांना गावाने बोलावून सांगितलं, माफी मागा नाहीतर मरा. "आन मंग शेजारच्या गावातली आपली मान्सं जवारी घेऊन आली, माय," म्हातारी म्हणाली. "डोक्यावर. त्यांच्या घरी तरी कुटं लई व्हती? पर आली." सरांनी अमेरिकेचा इतिहास विषय घेतला तो इंग्लंडच्या राजासाठी नव्हे, हे मला तेव्हा उमगलं.

असा हा माणूस आबांच्या घरच्या प्रत्येक कार्याला हजर असे. आमच्याकडे खाजगी संस्थेत ही रीतच आहे. अध्यक्षांच्या घरी लग्न निघालं की प्राध्यापकांनी राबायचं. निवडणूक लागली की घरोघर चिठ्ठ्या वाटायच्या. मला पंगतीत वाढायला बोलावत. उजगरे सरांना कधीच वाढायला सांगत नसत. त्यांना गाड्या लावायच्या कामावर उन्हात उभं करत, आणि ते का, हे कुणी बोलत नसे. चहाचंही तसंच. आम्हाला पांढऱ्या कपबशीत, सरांना कागदी कपात. कोरोना आला तेव्हा आबांच्या घरच्यांना एक सोयीचं कारण मिळालं. कोरोना गेला, कारण राहिलं.

मी एकदा चिडून विचारलं, "सर, वर्गात एवढी गर्जना करता आणि इथं हा कप तोंडाला लावता?" सरांनी कागदी कप शेवटच्या घोटापर्यंत संपवला. "मॅडम, कायम व्हईस्तोवर मी राजाचा इमानदार. अमेरिकावाले बी शेवटपर्यंत राजाला दरखास्ती करीत व्हते. लढाई सुरू झालती तरी लिवीत व्हते, आपले आज्ञाधारक म्हणून." मी म्हटलं, "आणि कायम झाल्यावर?" ते म्हणाले, "मग बगा." माझा त्यावर विश्वास बसला नाही. त्यांचाही कितपत होता कोण जाणे.

मग सारिकाची बॅच आली. सारिका आबांच्या सालगड्याची मुलगी. आबांच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून दोन पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथे तिच्या घरचे राहत. पहाटे गोठ्यातलं शेण काढून, हात धुऊन ही पोरगी कॉलेजला येई, आणि वर्गात पहिली असे. डब्यांचा खेळ त्या वर्षी तिच्या भाकरीने सुरू झाला, आणि खिडक्याही सरांनी पहिल्याच दिवशी लावून घेतल्या होत्या. सरांनी घास तोंडात घातला आणि ती उभी राहिली. "सर, तुमी कावून खाता? मला भूक लागती." सरांनी तिला बाकावर चढवलं आणि हाताची घडी घातली. थोड्या वेळाने तिच्या मागची मुलगी उठली. मग एक मुलगा. मग बाक सरकल्याचे आवाज माझ्या वर्गापर्यंत आले, आणि मी दारातून डोकावले तर अख्खा वर्ग बाकांवर उभा. सरांनी जाऊन एकेक खिडकी स्वतः उघडली. उरलेला तास त्यांनी पोरांकडे पाठ करून काढला, आणि मला ते पाठ का करून आहेत ते दिसत होतं.

त्याच वर्षी मार्चात आबांची एकसष्टी आली. त्या जूनमध्ये सरांना कायम करायचा ठराव होणार, असं आबांनी चारचौघांत सांगितलं होतं, आणि सरांच्या आईने ते खरं मानून लिंबागणेशच्या गणपतीला नाही, पण वस्तीतल्या विहारात पोरीबाळींना खीर वाटली होती. एकसष्टीला तिसऱ्या वर्षाच्या वर्गाने लेझीम खेळायची होती. पोरं भर उन्हात खेळली आणि मग अंगणातल्या मांडवात चहाला बसली. आबांच्या मालकीणबाईंनी सारिकाला हाक मारून चहाचं तबक हातात दिलं; घरच्याच गड्याची पोरगी, ती कॉलेजच्या गणवेशात आहे हे त्यांच्या डोळ्यांना दिसलंच नाही. दोन तबकं होती. एकात कपबशा, एकात कागदी कप. कोणतं तबक कोणत्या रांगेला, हे आमच्याकडे कुणी सांगत नाही, कुणाला सांगावं लागत नाही.

कपबशांचं तबक रिकामं करून ती दुसरं घेऊन निघाली. सर कडेच्या रांगेत, त्यांच्यामागे वस्तीतली पोरं. ती सरांपुढे थांबली. पुढे होईना, वाकेना. सगळा मांडव बघायला लागला.

"सर," ती म्हणाली, "तुमी हे कावून पिता?"

सरांनी हात पुढे केला आणि मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाले, "दे इकडं, सारिका. दे, बाळ."

"न्हाई देत," ती म्हणाली आणि तबक जमिनीवर उपडं केलं.

मग मागच्या पोरांनी उठून आपापले रिकामे हात वर केले, आणि ज्यांच्या हातात कपबशा होत्या त्यांनी त्या ओतल्या. एकामागून एक, सगळ्या वर्गाने. मीही माझा कप उपडा केला; निम्मा चहा माझ्याच साडीवर सांडला. सर तसेच, हात पुढे केलेले, बसून होते. हातही वर न केलेला आणि थेंबही न सांडलेला त्या रांगेतला तो एकच माणूस होता. आबांनी ओल्या अंगणाकडे पाहिलं नाही, पोरांकडेही नाही. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "वा, उजगरे. चांगलं शिकवलं."

दुसरा कुणी असता तर सरांना तिथल्या तिथे हाकललं असतं. आबा तसे नव्हेत. "आमच्याकडं लोकशाही हाय," ते म्हणाले. "चौकशीबिगर मी कुणाला काढीत न्हाई." कमिटी बसली: आबा, त्यांचे वकील जावई आणि प्राचार्य. मुलींचे जबाब घ्यायचे म्हणून बाईमाणूस हवं, तेवढ्यासाठी मला बसवलं. मी म्हटलं, "आबाकाका, चहा मीही ओतला. माझीही चौकशी करा." आबा म्हणाले, "घरची पोर तू. हात हालला आसंल." जावई हसले. भावकीला चौकशी नसते.

पोरांनी आदल्या दिवशी शपथा घेतल्या होत्या की सगळ्यांनी एकच सांगायचं: कुणी शिकवलं नाही, आमचं आम्हीच केलं. पण जबाब ग्रंथालयात, एकेकाला बोलावून घेतले, आणि प्रत्येकाच्या बापाला बाहेर व्हरांड्यात आणून बसवलेलं होतं. कुणाचा बाप आबांच्या कारखान्याच्या टोळीत, कुणाची विहिरीची मंजुरी आबांच्या हातात, कुणाचा भाऊ आबांच्या पंपावर. आत येणारं पोर आधी दाराबाहेर बापाचं तोंड बघून येई. पहिला मुलगा उभा राहिला आणि खाली बघून म्हणाला, "सरांनी सांगितलं व्हतं." दुसरा म्हणाला, "सरांनी सांगितलं." वस्तीतली पोरंही तेच म्हणाली. मी खुर्चीत तडफडत होते. एका मुलाला मी म्हणालेच, "खरं बोल रे!" तर जावई म्हणाले, "मॅडम, साक्षीदाराला दाबू नका."

लोकशाही असल्यामुळे सरांना प्रत्येकाला एक प्रश्न विचारायची मुभा होती. ते कोपऱ्यात, तोच इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मला वाटलं, विचारतील, मी कधी सांगितलं, कुठे सांगितलं. त्यांनी पहिल्या मुलाला विचारलं, "बोस्टनचं बंदर बंद केल्यावर बाकीच्या वसाहतींनी काय केलं?"

मुलगा दचकला. मग पाठ असलेलं उत्तर आपोआप बाहेर आलं. "धान्य पाठवलं, सर. तांदूळ, पीठ आणि मेंढ्या."

"बरोबर. जा."

दुसऱ्याला तोच प्रश्न. "धान्य पाठवलं, सर." बरोबर, जा. तिसऱ्याला तोच. सकाळभर ते चाललं. एकूणएक पोराने सरांना बुडवलं आणि एकूणएक पोराने बरोबर उत्तर दिलं. काही रडत होती, पण मेंढ्या विसरली नाहीत. इतका क्रूर तास सरांनी आयुष्यात घेतला नसेल. प्राचार्य म्हणाले, "उजगरे, हा विषयाला धरून प्रश्न नाही." सर म्हणाले, "सर, मला तर ह्योच विषय शिकवायला ठेवलंय तुमी."

सारिकाला सगळ्यात शेवटी बोलावलं. ती सरळ म्हणाली, "मीच ओतला. मला कुणी सांगितलं न्हाई." जावयांनी आबांकडे पाहिलं. आबा पुढे वाकून अगदी मायेने म्हणाले, "सारे, तुझा बाप भाईर बसलाय. त्यानं सकाळपासून पाणी बी घेतलं न्हाई. तुमचा बाडबिस्तरा कुटं हलवायचा ते तेवढं सांग, म्हंजी ट्रॅक्टर धाडतो." दारातून तिचा बाप दिसत होता. टोपी हातात घेऊन बसला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सरांनी सांगितलं."

"उजगरे, विचारा तुमचं," आबा म्हणाले.

सरांनी तोच प्रश्न विचारला. बंदर बंद केल्यावर बाकीच्या वसाहतींनी काय केलं? वर्गात पहिली येणारी पोरगी आबांकडे वळून बघायला लागली. सरांच्या ओठावर ते ओळखीचं, घालूनपाडून बोलायच्या आधीचं हसू आलं होतं.

"धान्य पाठवलं, सर," ती म्हणाली. "पर त्यांच्या आन राजाच्या मधी समुद्र व्हता. आमच्या आन आबांच्या मधी येकच भिंत हाय. आन ती बी आबांचीच."

सरांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. त्या क्षणी ते तिला शाबास म्हणाले असते, तर तिला तेवढं आयुष्यभर पुरलं असतं. नाही म्हणाले. प्राचार्यांकडे वळून म्हणाले, "लिवा. मीच सांगितलं व्हतं. कुटं सही करायची?" सही केली आणि व्हरांड्यातल्या बापांच्या रांगेमधून निघून गेले. एकाही बापाने मान वर केली नाही.

सरांना काढलं, हे सांगायला नको. सारिकाचं सांगते. खरं बोलून मग खोटं बोललेली पोरगी आबांना नुसत्या खोटं बोलणाऱ्यांपेक्षा जास्त खुपली असावी. त्यांनी तिच्या बापाला बोलावून स्थळ सुचवलं. मुलगा धर्मापुरीकडचा, वीटभट्टीवरचा. भांडी आबांनी दिली, मांडव आबांच्याच अंगणात पडला, आणि गाव म्हणालं, बघा, केवढं मन. अमेरिकेच्या पेपरच्या दिवशी तिला हळद लागली. मी आबांशी भांडले, तिच्या बापाशी भांडले, परीक्षेपर्यंत थांबा म्हणून हातापाया पडले. तिचा बाप मला एवढंच म्हणाला, "ताई, तुमी घरच्या हाव. तुमचं भांडण उद्या मिटंल."

सर गाव सोडून बीडला गेले. माझे फोन घेईनात. दोन वर्षांनी गेवराईच्या स्टँडवर अचानक दिसले. शर्ट तोच पांढरा, इस्त्री नव्हती. स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये शिकवतो म्हणाले. सारिकाचं कळलं का, मी विचारलं. "कळलं," ते म्हणाले आणि समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत राहिले. मला राहवलं नाही. त्या दिवशी तिला एक शब्द तरी बोलायचा होता, मी म्हणाले. पोरगी तुमच्यासाठी तबक उपडं करून बसली. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, पंधरा वर्सं मी ह्या पोरांना समुद्रावाल्यांचं बंड शिकवलं. हितं समुद्र न्हाई, हे त्या पोरीला दिसलं, मला न्हाई दिसलं. तिला शाबास कोन्त्या तोंडानं म्हणू?"

मी विषय बदलला. क्लासमधली पोरं कशी आहेत, डबे उघडता का अजून, असं काहीतरी विचारलं.

"न्हाई. तिथं टिकमार्क असतेत. सन बरोबर आला की झालं." मग म्हणाले, "क्लासचा मालक बी असाच येक आबा हाय. मागल्या महिन्यात त्याच्या घरी कार्य व्हतं. पोरांना वाढायला चला म्हणून निरोप आला, आन येक पोरगं उभं ऱ्हायलं. म्हणलं, सर, आमी कावून जायचं?"

माझा जीव सुपाएवढा झाला. "मग? तुम्ही काय केलंत?"

"कानफटात हाणली आन वर्गाभाईर काढला."

"तुम्ही?" मी ओरडले. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. "सर, तुम्ही?"

बीडची गाडी लागली होती. सरांनी पिशवी खांद्याला अडकवली.

"त्याचा बाप सालगडी हाय, मॅडम," ते म्हणाले. "त्याच मालकाच्या शेतात."